खिडकीखालची जागा

लंबूने रुमाल काढला तेव्हा तिला वाटलं, याला शिंक येतेय. म्हणून ती एक पाऊल बाजूला सरकली आणि हातातल्या कागदावर नेहमीसारखं शून्य लिहून मोकळी झाली. मग पाहते तर लंबू शिंकत नव्हता. त्याने रुमाल नाकावर दाबून धरला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात त्याला नियम आठवला असावा, कारण वास मोजणाऱ्याने नाक झाकायचं नसतं; त्याने रुमाल घाईघाईने खिशात कोंबला, एक श्वास घेतला, धीर करून दुसरा घेतला आणि आपल्या कागदावर पाच लिहिलं. सहाच्या वर आकडाच नव्हता. सहा म्हणजे माणूस तिथे उभा राहू शकत नाही. पाच म्हणजे राहू शकतो, पण आपण असं काय पाप केलं होतं, असं त्याला वाटत राहतं. ही व्याख्या लंबूची, पुस्तकातली नव्हे. दोघं एकाच गल्लीत, एकाच भिंतीशी उभी होती, हात लांब केला तर एकमेकांना लागेल इतकी जवळ. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडी होती आणि तिच्याबाहेरच्या दोरीवर कपडे वाळत होते. ती खिडकी तिच्या आईची होती, हे लंबूला ठाऊक नव्हतं. आई त्या वेळी बाजारात गेलेली असते, हे तिला ठाऊक होतं, आणि आज तिला त्याचं बरंच वाटलं.

"तुला सर्दी झालीय का गं?" गाडीत बसल्यावर लंबूने विचारलं. नाही म्हणताना तिने मुद्दाम नाकाने जोरात श्वास घेऊन दाखवला. "मग मलाच काहीतरी झालं असेल," तो म्हणाला. तो स्वभावाने मऊ होता. मोठा देह असलेल्या माणसांना कुणाला धक्का लागू नये याची सवय झालेली असते, तशी त्याला होती. थोड्या वेळाने त्यानेच तोडगा काढला. "असं करू. मी माझा पाचाचा तीन करतो, तू तुझा शून्याचा एक कर. मॅडमच्या समोर तमाशा नको." "भाजी घ्यायला आलायस का, घासाघीस करायला?" असं ती बोलली खरी, आणि लंबू हसलासुद्धा, पण तिचा आवाज तिलाच परका वाटला. गाडीच्या काचा बंद होत्या. बाहेर नदीकाठचे सरळ रस्ते, गोदामं, एका शाळेची लांबच लांब भिंत मागे जात होती. त्या भिंतीपलीकडे तिची लहानपणची दहा वर्षं गेली होती. ती शाळेकडे न बघता आपल्या कागदाकडे बघत राहिली. त्याच्यावर तिच्याच हातचं गोल, स्वच्छ शून्य होतं.

या वर्षाच्या सुरुवातीला तिला फेलोशिप मिळाली तेव्हा घरात ती काय भानगड आहे हे कुणालाच कळलं नव्हतं. हातात नवीकोरी पदवी, खिशात काही नाही आणि मनात झाडापाण्याविषयी कळवळा, अशा पोरापोरींना वर्षभर पगार देऊन कुठल्या तरी कचेरीत कामाला लावायचं आणि त्यांच्यातून पुढे या क्षेत्रातली माणसं घडवायची, अशी ती योजना. कुणाच्या वाट्याला वटवाघळं आली, कुणाच्या वाट्याला इमारतींचे दिवे. तिच्या वाट्याला वास आला. निवडीच्या दिवशी कचेरीच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी प्रत्येकापुढे तीन-तीन बाटल्या ठेवल्या. दोन नुसत्या हवेच्या, एकीत वासाचा थेंब, आणि थेंब दर वेळी आणखी पातळ. ज्यांना फार लवकर कळेनासा झाला ते बाद झाले, हे ठीकच. पण ज्यांना शेवटपर्यंत कळत राहिला तेही बाद झाले. "मला असामान्य नाक नको," मॅडम म्हणाल्या होत्या. "रस्त्याने जाणाऱ्या माणसाचं नाक हवं. मधलं." तिचं नाक बरोबर मधलं निघालं. घरी सांगितलं तेव्हा आईला ते मुळीच आवडलं नाही. "मधलं कसं? बापाचं नाक आहे ते. सरळ. धारदार. मधलं म्हणे!" आणि मग त्याच श्वासात, "पण पगार देणारेत ना? मग म्हणू देत मधलं."

काम होतं सरसाच्या कारखान्याचं. हाडं, खुरं आणि कातड्याचे तुकडे उकळून सरस काढायचा हा कारखाना नदीकाठी फार जुना होता. त्याच्या पश्चिमेला आता उंच, नव्या इमारती झाल्या होत्या आणि तिथल्या लोकांनी तक्रारींवर तक्रारी करून कचेरीच्या नाकी नऊ आणले होते. पूर्वेला कामगारांची गल्ली. तिच्या बाबांनी आयुष्यभर त्या कारखान्यात मोठ्या कढया ढवळल्या होत्या आणि त्या गल्लीत दोन खोल्यांचं घर केलं होतं. गल्लीतून कधी एकही तक्रार गेली नव्हती. हे सगळं तिने मॅडमना सांगितलं नव्हतं असं नाही. "तू तिथली का?" असं त्यांनी विचारलं होतं, ती हो म्हणाली होती, आणि "आता तिथे राहत नाहीस ना?" यावर नाही म्हणाली होती, कारण ती कचेरीजवळ खोली घेऊन राहत होती. नियमात इतकंच होतं. आणखी नियम होते ते सगळे तिला पाठ होते: अत्तर लावायचं नाही, आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, पुदिन्याची गोळी नाही, पोट अगदी भरलेलं नको नि अगदी रिकामं नको, आणि ज्या जागेची हवा मोजायची त्या जागेची हवा आधी घ्यायची नाही. बाहेरून यायचं, थेट जागेवर उभं राहायचं, श्वास घ्यायचा, लिहायचं. नाक हे नव्या पाहुण्यासारखं असतं, मॅडम म्हणायच्या. पहिली थोडी मिनिटं सगळं निरखून बघतं, मग घरचंच होऊन जातं.

कचेरीची गाडी तिला कारखान्याच्या फाटकाशी सोडायची आणि मोजणीची ठरलेली वेळ होईपर्यंत थोडा अवकाश असायचा. तेवढ्या वेळात माणूस काय करेल? आई तिथेच चार पावलांवर राहते. ती वर जायची. आई बाजाराला निघायच्या आधीची वेळ असायची ती. आई चहा टाकायला उठायची आणि ती म्हणायची, नको, मला नियम आहे. आईला राग यायचा. "पाहुण्यासारखी येते, पाणी पिते नि जाते. कसला मेला नियम." पण तिने तो नियम कधी मोडला नाही. आजसुद्धा, लंबू दुसऱ्या गाडीने येईपर्यंत, ती वर बसून आली होती. आता गाडीच्या बंद काचांमागे बसून तिला ते सगळं आठवत होतं. हंगामभर चहाच्या नियमाचे नाकाने कांदे सोलत ती आईच्या शेजारी बसली होती, तीच हवा छातीत भरून घेत बसली होती, आणि मग जिना उतरून, त्याच खिडकीखाली उभी राहून शून्य लिहीत होती. परिसर म्हणजे खाली, बाहेर, रस्त्यावर, असं तिच्या डोक्यात होतं. वर होतं ते घर. घरसुद्धा परिसरातच असतं, हे एवढं साधं तिला कधी सुचलंच नाही. की सुचलं होतं? मॅडम पाहुण्याबद्दल बोलत होत्या तेव्हा तिने मान खाली घालून आपल्या नखांकडे पाहिलं होतं, हे तिला आठवलं, आणि मग ते आठवल्याचीही तिला खात्री वाटेना.

वासाशी तिची ओळख उशिरा झाली होती. शाळेत ती वर्गात आली की मुलं नाकं धरायची. पहिली दोन वर्षं तिला तो खेळ वाटला. तीही हसत नाक धरायची, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ, आणि खेळात आपणच जिंकलो असं समजायची. शेजारी बसणारी मुलगी बाकाच्या अगदी टोकाला जाऊन बसायची. तिला बाकावर जास्त जागा मिळायची म्हणून ती घरी येऊन आईला कौतुकाने सांगायची. आई तिचे कपडे घरातच वाळवायची, खिडक्या लावून घेऊन, दोन खुर्च्यांच्या मधे दोरी बांधून, आणि घडीत साबणाचे किस घालून ठेवायची. उन्हाळ्यात आत जीव गुदमरायचा तरी खिडकी उघडायची नाही. बाहेर ऊन पडलंय, वारा आहे, आणि आई ओले कपडे आत का वाळवते, हे तिला कधी कोडं वाटलं नाही, कारण जे लहानपणापासून असतं ते कोडं नसतं. मग ती कॉलेजच्या वसतिगृहात गेली. पहिल्या सुट्टीनंतर परतल्यावर तिने ट्रंक उघडली, तेव्हा खोलीतली मैत्रीण उठली आणि तिने खिडकी उघडली. एवढंच झालं. आणि तेव्हा, त्या परक्या खोलीत, तिला आपल्याच कपड्यांमधून तो पहिल्यांदा आला. खरं तर पहिल्यांदा नव्हे. तो कायम आलेलाच होता, पण त्याला वास म्हणतात हे तिला त्या दिवशी कळलं. तिने ट्रंकेतले सगळे कपडे नळाखाली घेतले आणि हाताची सालटी निघेस्तोवर धुतले. त्यानंतर घरी जाताना गल्लीच्या वळणावर तो यायचा, तोंडावर ओला हात ठेवावा तसा. दारात पोचेपर्यंत गेलेला असायचा. आई दार उघडायची आणि मग तिथे काहीच नसायचं, फक्त आई असायची.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोघांना बोलावलं. हंगामाच्या शेवटी जोडीने एक फेरी करायची आणि आकडे ताडून बघायचे, ही कचेरीची पद्धत होती. नेहमी एखाद्या आकड्याचा फरक यायचा. शून्य आणि पाच असं कधी आलं नव्हतं. लंबू खुर्चीत अंग चोरून बसला होता. "माझं चुकलं असेल मॅडम," तो म्हणाला, "त्या जागी मी नवीनच." मॅडमनी दोघांचे कागद बाजूला ठेवले. "एका फेरीवरून हंगाम बदलत नसतो. त्या क्षणी एखादी गाडी गेली असेल, कुणी काही ओतलं असेल. हिचे आकडे बघ, किती स्थिर आहेत. सगळ्या हंगामात इतकं स्वच्छ काम दुसऱ्या कुणाचं नाही." मग त्यांनी नकाशा पसरला आणि तिला जवळ बोलावून प्रेमाने दाखवलं, तिच्या कामाचं काय चीज झालं ते. कारखान्याला आणखी एक भट्टी घालायची होती. ती कोणत्या बाजूला घालायची हा तंटा किती तरी दिवस चालला होता. पश्चिमेला नवीन इमारती. तिकडे शक्यच नव्हतं. "पूर्वेला वास पोचतच नाही, वारा नदीच्या वळणाने वरून निघून जातो, हे तुझ्या आकड्यांवरून सिद्ध झालं. त्यामुळे निर्णय सोपा झाला." मॅडमचं बोट कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेवर होतं. त्या जागेत लहानपणी ती पडलेले बांबू गोळा करायची. त्या जागेला लागून त्यांच्या घराची मागची भिंत होती. "आणि हो," मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची काळजी करू नकोस. तुला आम्ही इथेच ठेवून घेणार आहोत." ती हसली. आभार मानले. बाहेर येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली, आणि लंबूने विचारलं तेव्हा म्हणाली की आनंदाने काही सुचत नाहीये. लंबूला ते खरं वाटलं, कारण त्याला सगळंच खरं वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी ती घरी गेली. वळणावर थांबून तिने श्वास घेतला नाही. श्वास धरून, झपाझप चालत ती जिना चढली, आणि वर जाऊन आईच्या खांद्याशी सोडला. काहीच आलं नाही. आई खुशीत होती. खिडकी सताड उघडी होती आणि आत येणाऱ्या उजेडात भिंतीवरचे पोपडे दिसत होते. हा नवीन प्रकार होता, याच हंगामातला. तिने पहिल्यांदा शून्य लिहिलं त्या दिवशी वर येऊन आईला सांगितलं होतं, अगदी सहज, आणि आईने हातातलं काम थांबवून विचारलं होतं, "शून्य म्हणजे?" "म्हणजे नाही. वास नाही." "कागदावर लिहिलंस?" "हो." "सरकारी कागदावर?" "हो गं." पुढच्या खेपेला खिडकीबाहेर दोरी बांधलेली दिसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई कपडे बाहेर वाळत घालू लागली. समोरची शिवणवाली मावशी तर तिला जिन्यात गाठून म्हणाली होती, "तुझ्या आईने गल्लीभर दवंडी पिटलीय. माझ्या मुलीने मोजलं म्हणे, यंत्रबिंत्र नाही, नाकाने मोजलं, आणि आपल्या गल्लीला काहीसुद्धा वास नाही." मावशी हे सांगताना हसत होती, पण तिचीही खिडकी उघडी होती.

"कारखान्याची माणसं मागे खुंट्या ठोकून गेली," आई चहा गाळता गाळता म्हणाली. आज मोजणी नव्हती, त्यामुळे चहाला परवानगी होती. "नवी भट्टी येतेय म्हणे इकडे. मावशी घाबरली. मी म्हटलं, येऊ दे की. जुनीचा येत नाही तर नवीचा कशाला येईल? तूच मोजलंयस ना." ती कपाकडे बघत राहिली. "आई, तुला कधी येतो का गं वास?" तिने विचारलं. आईचा हात थांबला. "कसला?" आई म्हणाली, आणि लगेच, थोड्या कडक आवाजात, "येत असता तर तू लिहिला असतास ना?" मग आईने कपाटातून ठेवणीतले कपडे काढून तिला दाखवले, इस्त्रीला द्यायचे की घरीच करायची असं विचारत. पुढच्या रविवारी आत्याकडे जायचा बेत होता. आत्याकडे! आई आत्याच्या घरी किती वर्षांत गेली नव्हती हे तिला मोजता येईना. आई शेवटची तिथे गेली तेव्हा ती लहान होती आणि आईबरोबर होती. आत्याने रात्री सगळ्यांच्या गाद्या बैठकीत घातल्या होत्या आणि या दोघींची गॅलरीत. "तुम्हाला वारा लागेल छान," आत्या म्हणाली होती. तिला गॅलरीत झोपायची मजा वाटली होती, ती तारे बघत पडली होती, आणि आई तिच्याकडे पाठ करून झोपल्याचं सोंग करत होती. पहाटेच निघायचं का, असं तिने विचारल्यावर आईने हो म्हटलं होतं. त्यानंतर आई कुणाकडे गेली नाही. लग्नाला नाही, बारशाला नाही. तब्येतीचं निमित्त सांगायची. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं ती या गल्लीबद्दल म्हणायची, पण ते पवित्र तिने कुणाच्या दारात नेलं नाही. "हे बाहेरच्या दोरीवर टाकते आता," आई म्हणाली, "छान उन्हाचा वास लागतो." तिने कप खाली ठेवला. सांगून टाकावं असं तिच्या मनात येत होतं, आणि येत होतं तसंच परत जात होतं. न सांगितलं तर आई ते कपडे घालून, ताठ मानेने, आत्याच्या दारात उभी राहणार होती. आणि आत्या खिडकी उघडणार होती.

नंतरचे दोन दिवस तिने कचेरीत काम केलं असं म्हणायला हरकत नाही. ती टेबलाशी बसली, फोन उचलले, लंबूने सांगितलेल्या विनोदावर हसली. तिला सगळीकडे वास येत होते: शाईचा, ओल्या छत्रीचा, जिना पुसायच्या औषधाचा, लंबूच्या डब्यातल्या लसणाचा. नाक तल्लख झालं होतं आणि तिला ती तल्लखी नको होती. न येणं आणि न घेणं यांत काय फरक असतो, याचा ती विचार करत होती. त्या सगळ्या सकाळी खिडकीखाली उभं असताना खरंच काही आलं नव्हतं, हे तिला शपथेवर सांगता आलं असतं. पण वर जाऊन बसायची तिला जी ओढ असायची, ती फक्त आईची होती, की तिच्याजवळ बसलं की सगळं नाहीसं होतं याचीही होती? आपण शून्य लिहायला जिना उतरायचो की शून्य आणायला जिना चढायचो? हे कुणालाच विचारता येण्यासारखं नव्हतं. लोक म्हणतात दिव्याखाली अंधार. पण दिव्यालाच तो अंधार हवा असेल तर त्याला काय म्हणायचं, हे कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

"त्या जागेचे माझे आकडे चुकीचे आहेत," ती म्हणाली. "वर माझी आई राहते. मोजायच्या आधी मी तिच्याकडे बसायचे." मॅडमनी चष्मा काढला. "किती वेळ?" "आईजवळ बसतो माणूस, तितका." "दर वेळी?" "दर वेळी." मग त्यांनी जे सांगितलं ते तिने आधीच मनाशी म्हणून पाहिलं होतं, त्यामुळे ते फारसं लागलं नाही: एका जागेचा प्रश्न नव्हता, नियम मोडणाऱ्या माणसाचे सगळेच आकडे बाद धरावे लागतात, हंगामभराचे, साऱ्या जागांचे, आणि पुढच्या वर्षाचं जे बोलणं झालं होतं ते झालं नाही असं समजायचं. "कळलं," ती म्हणाली. "तू सांगितलं नसतंस," मॅडम म्हणाल्या, "तर कुणाला कळणार होतं?" हे त्या रागाने म्हणाल्या की हळहळून, ते तिला ओळखता आलं नाही. शेवटी त्यांनी चष्मा पुन्हा लावला. पूर्वेकडे नव्याने मोजल्याशिवाय आता भट्टीचं काहीच ठरवता येणार नव्हतं, आणि फेरमोजणीला दोन नाकं लागतात; वास मोजणारे बाकीचे फेलो हंगाम संपताच आपापल्या गावी गेले होते. "उद्या तुम्ही दोघं जा. गाडीच्या काचा बंद. थेट जागेवर. आणि आईकडे नाही." दाराशी पोचल्यावर त्यांनी तिला थांबवलं. "हा एक दिवस धरला जाईल," त्या म्हणाल्या. "तेवढा नीट कर."

सकाळ कोरडी, स्वच्छ होती. लंबूला तिने गाडीत सगळं सांगितलं. आपल्या बाजूची काच नीट बंद आहे का ते त्याने पुन्हा एकदा पाहिलं, आणि तिला त्याचा फार आधार वाटला. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. ती उतरली, भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि तिने श्वास घेतला. तो आला. आधी घशाला आला, मग नाकाला. उकळलेल्या खुरांचा, ओल्या कातड्याचा, आणि तळाशी एक शिळा, गोडसर, चिकट वास, जिभेवर बसणारा. डोळ्यांत पाणी आलं. इतका होता? इतका रोज? हात नाकाकडे निघाला होता तो तिने खाली दाबून धरला, आणि नियमाप्रमाणे दुसरा श्वास घेतला, खोल, आणि त्या दुसऱ्या श्वासात बाबा आले. संध्याकाळी मागच्या नळावर साबणाने घासून घासून अंघोळ करणारे, हात लाल होईपर्यंत घासणारे, आणि मगच तिला उचलून घेणारे बाबा. तिने त्यांच्या मानेत नाक खुपसायचं आणि तिथेच झोपी जायचं, हे रोजचं होतं. साबणाखाली हाच होता. हाच, हा, जो आता तिला उभं राहू देत नव्हता. त्याला ती वास म्हणत नव्हती कारण त्याला ती बाबा म्हणत होती. ते गेल्यावर ती हाच हुंगत राहिली होती, गल्लीत, जिन्यात, आईच्या खांद्याशी. तिला एकदम रडू फुटलं आणि तिने ते फुटू दिलं, कारण डोळ्यांतल्या पाण्याबद्दल नियमात काही नव्हतं. लंबू कागदावर मान घालून लिहीत होता. तिने पेन्सिल टेकवली आणि पाच लिहिलं. पाच वाकडा आला. खाडाखोड चालत नाही म्हणून तो तसाच ठेवला.

"अगं! आज सरळ कामालाच?" वर खिडकीत आई होती. आज ती बाजारात गेली नव्हती. तिच्या हातात चिमटे होते आणि दोरीवर तिचे ठेवणीतले कपडे उन्हात हलत होते. "वर ये की. हा कोण, तुझ्या कचेरीतला का? त्यालाही घेऊन ये. आणि रडतेस काय?" लंबूने मान लववून नमस्कार केला आणि आपल्या बुटांकडे बघू लागला. "काही नाही, आई. मोजतेय." "मग झालं का लिहून शून्य?" आईने हसत विचारलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. समोरच्या खिडकीत मावशीचं मशीन थांबलं. ती वर बघत राहिली. खोटं बोलायला अजूनही वेळ होता. नंतर सांगू, घरात सांगू, हळूच सांगू, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. "नाही," ती म्हणाली. "पाच." "कितीपैकी?" "सहापैकी."

आईचा चेहरा लगेच बदलला नाही. तो हसरा तसाच राहिला, विसरून राहिल्यासारखा. "आजच?" आईने विचारलं. "रोजच असणार. मला येत नव्हता. तुझ्याजवळ बसून खाली यायचे ना, म्हणून." आईने चिमटे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. मग आवाज उतरवून, दोघींपुरतं बोलावं तसं, पण ते खालीपर्यंत स्वच्छ ऐकू आलं: "माझ्या अंगालाही येतो?" तिने मान हलवली. मान हलवलेली वरून दिसली नसेल म्हणून तिला ते तोंडाने म्हणावं लागलं. "येतो, आई." आईने हात लांब करून दोरीवरचे कपडे काढायला सुरुवात केली, ओले होते तरी. आधी लहान, मग मोठे, आणि शेवटी ते ठेवणीतले, जे तिने एका झटक्यात न ओढता नीट दोन्ही हातांनी उचलून घेतले आणि छातीशी धरले. "थांब, आई, मी येते वर," ती म्हणाली आणि भिंतीपासून सुटून जिन्याकडे निघालीसुद्धा.

"नको," आई म्हणाली. आवाज बसला होता पण त्यात राग नव्हता. तिने एका हाताने खिडकीचं दार अर्धं ओढलं, आणि उरलेल्या फटीतून लेकीकडे बघत राहिली. "वर येऊ नकोस. वर आलीस की पुन्हा यायचा नाही तुला. तिथेच उभी राहून सगळं लिही आधी."